आठची मॅच

काल सकाळी उठलो तर समोरचा टॉवर गायब. आमच्या सोसायटीत असे चार टॉवर आहेत, त्यातला एकही दिसेना. द्वारकेत धुकं उतरलं की असंच होतं. विमानं डोक्यावरून गेलेली ऐकू येतात, दिसत नाहीत. बाल्कनीत टाकलेला टॉवेल तीन तीन दिवस वाळत नाही, खालचा गार्ड शेकोटीपाशी बसूनच सलाम ठोकतो, आणि लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस हवेला शिव्या देतो. त्यांचं खोटं नाही. दिल्लीची हिवाळी हवा ही श्वास घ्यायची वस्तू राहिलेली नाही. पण माझं काय होतं, की धुकं पडलं की माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात. कपाटावरचे बूट आठवतात. कारण धुकं आलं म्हणजे लीग आली.

"बाबा, बाहेर इतना कोहरा आहे यार, आज मत जाओ ना," इरा पांघरुणातून म्हणाली. ती कॉलेजात आहे, आणि तिचं मराठी निम्म्या वाटेत हिंदीला जाऊन मिळतं.

"धुकं म्हण."

"हां, तेच. धुकं. मत जाओ."

"ते ऐकणार आहेत का?" बायको, वैशाली, स्वयंपाकघरातून म्हणाली. "पन्नाशी आली, गुडघे कुरकुरतात, पण बॉल म्हटलं की निघाले."

निघालो. डिकीत लाईनी मारायच्या फक्कीचं पोतं, दोन खुंट्या, दोरीचं रीळ. फक्कीचा वास नाकात गेला आणि दोन हिवाळ्यांपूर्वीची ती मॅच आठवली. धुकं पडलं की ती आठवतेच. तिच्याबद्दल मी पुष्कळांना सांगितलं आहे, पण अर्धंच. आज सगळं सांगतो.

मी चांगला बॅक होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे स्वतःचं कौतुक करायला फारशी जागा मिळणार नाही. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत वाढलो, बाबा मंत्रालयात कारकून, आणि मागच्या मैदानात संध्याकाळी सगळा देश खेळायला असे. बंगाली, मल्याळी, गढवाली आणि आम्ही. तिथे दोन गोष्टी शिकलो, माणूस अडवायचा कसा आणि ओरडायचं कसं. दुसरी अजून जोरात जमते. पुढे नोकरी, लग्न, द्वारकेत फ्लॅट, आणि चाळिशी उलटल्यावर एकदम लक्षात आलं, की आपण बॉलला पाय लावून दहा वर्षं झाली. मग जमवाजमव केली. दिल्लीतली मराठी माणसं गणपतीत आणि हळदीकुंकवाला भेटतातच. मी त्यांना रविवारी सकाळी मैदानावर बोलावलं. कागदावर संघाचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण लीगमध्ये सगळे आम्हाला 'मराठावाले' म्हणत. जर्सी सरोजिनीच्या बाजारातल्या लॉटमधून आणल्या, पिकल्या लिंबाच्या रंगाच्या. त्यात सात नंबरच्या दोन निघाल्या आणि चार नंबर नव्हताच. रेफ्री दर मॅचला त्यावरून कटकट करी.

संघात निम्मे माझ्यासारखे नोकरदार. गोलात डॉक्टर जोशी, दातांचे डॉक्टर, हाताला चिखल लागला की तोंड वाकडं करणारे. आणि निम्मी पोरं करोल बागेकडे खोल्या घेऊन कलेक्टर व्हायचा अभ्यास करणारी. त्यांतला संग्राम कोल्हापूरचा. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय चीज असते ते त्याच्याकडे पाहून कळे. पायात बॉल आला की बाकीची पोरं पास शोधत, हा गोल शोधायचा.

आणि अल्ताफ. उदगीरचा. वडील गवंडी, हा घरातला पहिला पदवीधर, यूपीएससीचा तिसरा प्रयत्न. अल्ताफला फुटबॉल येत नव्हता. 'फारसा' हा शब्द घालायची सोय नाही, येतच नव्हता. बॉल उजवीकडे आला की याचा डावा पाय उठे. पण एकही रविवार चुकवला नाही. खोलीतून लायब्ररी आणि लायब्ररीतून खोली एवढंच ज्याचं जग, त्याला आठवड्यातून एकदा आकाशाखाली धावायचं होतं. आणि तो येई तो सगळ्यांच्या एक तास आधी, कारण मैदानावरच्या लाईनी तो मारायचा.

ते काम त्याला कुणी दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी आमच्या लाईनी बघून त्याला राहवलं नाही. दुसऱ्या रविवारी खुंट्या आणि दोरी घेऊन आला. दोरी ताणायची, बोटाने टिचकी मारून बघायची, मग तिच्या कडेने मुठीतून फक्की सोडत मागे मागे सरकायचं. धुक्यात तो असा पाठमोरा चालत येताना दिसे, आणि त्याच्यासमोर पांढरी रेघ उमटत जाई. "अब्बा म्हणतात, डोळा फसवतो, दोरी फसवत न्हाई," तो सांगे. लीगमधली इतर मैदानं मी पाहिली आहेत. तसला चौकोन कुठे पाहिला नाही.

आमच्या संघाची एक रीत होती. जो सकाळी उठून मैदानावर आला, त्याला वीस मिनिटं खेळायला मिळणार. कसाही खेळो. समोर कोणीही असो. ही रीत मीच घातली होती. पहिल्या वर्षी एक गृहस्थ फरीदाबादहून मेट्रो बदलत बदलत येत. एकदा मी त्यांना पूर्ण मॅच बाहेर बसवलं. पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत, आणि आम्ही दहा जण उरलो. तेव्हा मी नियम केला. गरजेपोटी केलेला नियम दोन वर्षांनी तत्त्व म्हणून मिरवता येतो, आणि मी तो भरपूर मिरवला. लीगच्या मीटिंगमध्ये, शेजारच्या संघांसमोर, लग्नांतून सुद्धा. "आमच्यात प्रत्येकाला वीस मिनिटं," असं मी म्हणालो की वैशाली दुसरीकडे बघायची.

त्या हिवाळ्यात आम्ही वरच्या गटात होतो आणि शेवटची मॅच उरली होती. बरोबरी झाली तरी टिकणार होतो. हरलो तर खाली. समोर फरीदाबादचा संघ, कारखान्यांतली पोरं. बिहारची, केरळची, दोघं मणिपूरचे. कॅप्टन रंजीत लेथवर काम करायचा, आणि त्याचे खांदे बघूनच ते कळायचं. रात्रपाळी करून थेट मैदानावर यायचे आणि तरी आमच्यापेक्षा जास्त धावायचे. पहिल्या मॅचमध्ये त्यांनी आम्हाला चार गोल मारले होते. त्यातले दोन अल्ताफच्या वीस मिनिटांत.

शुक्रवारी संग्रामने विषय काढला. "दादा, अल्ताफचं काय करायचं?"

"बघू."

"बघू काय? आमच्याकडं मॅच म्हंजे मॅच. त्याला तोंडावर सांगा की, गड्या, आज बाहेर बस. त्यो समजंल."

सांगायला हवं होतं. एक फोन, एक वाक्य. पण मग नियम मोडला असता, आणि तो मी मोडला असता. मला मॅच पण हवी होती आणि मिरवायला नियम पण हवा होता.

परीक्षेच्या वर्षात ही पोरं मोठे फोन कपाटात बंद करून ठेवतात, नाहीतर गावी पाठवून देतात. अल्ताफकडे साधा बटणांचा फोन होता. संघाच्या ग्रुपवर तो नव्हता. मॅच कधी आठला असे, कधी दहाला. त्याला वेळ सांगायला दर शनिवारी संध्याकाळी मीच फोन करी. त्या शनिवारीही केला.

"उद्या नऊला," मी म्हणालो.

मॅच आठला होती.

हिशेब माझ्या मते पक्का होता. नऊला येऊन बूट घालेपर्यंत वीस मिनिटंही उरलेली नसतील. 'अरे, वेळ बदलली, तुला कळवायचं राहिलं' असं म्हणू, पाठीवर थाप मारू, किनू, इकडची संत्री, खायला देऊ. नियम शाबूत, मॅचही शाबूत. त्या रात्री मला झोपही चांगली लागली, हे लिहायला लाज वाटते, पण लागली.

सकाळी सातला मी मैदानावर. लाईनी आता मलाच मारायच्या होत्या. दोरी गाडीत होती, पण गारठ्याने बोटं वळत नव्हती, आणि म्हटलं त्यात काय मोठं, मी इंजिनिअर माणूस, नजरेने मारतो. गवत दवाने ओलं. फक्की मुठीत चिकटून लगदा होई, मग एकदम भसकन पडे. गोलसमोरचा पेनल्टीचा बॉक्स मारून मागे वळून पाहिलं तेव्हा धुक्यात बरा वाटला.

मॅचला पाच मिनिटं असताना रेफ्री आले. निवृत्त फौजी, मिश्या पांढऱ्या, शिट्टी गळ्यात. त्यांनी बॉक्सभोवती एक चक्कर मारली. उजवीकडे माझी रेघ दीड पाऊल बाहेर गेली होती.

"कप्तान साहब, ये बॉक्स है या समोसा?"

फरीदाबादची पोरं फिदीफिदी हसली. "अभी चलने दो," रेफ्री म्हणाले, "हाफ में सीधा करवाओ."

टॉससाठी आम्ही मध्ये उभे राहिलो, आणि धुक्यातून पिवळी जर्सी चालत आली. हातात पिशवी, कानाला मफलर. अल्ताफ. आठला दोन मिनिटं कमी.

नऊची मॅच म्हणजे लाईनी मारायला आठला. ही एवढी साधी गोष्ट माझ्या पक्क्या हिशेबात नव्हती.

त्याने आधी माणसं पाहिली. मग खाली लाईनी पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या.

"नऊ म्हणलात की, दादा."

"अरे, अचानक अलीकडे घेतली," मी म्हणालो. "तुला फोन करायचा राहूनच गेला."

"हां," तो म्हणाला, आणि कडेला जाऊन फक्कीच्या पोत्यावर बसला. संग्राम माझ्याकडे बघत होता. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. ती बांधलेलीच होती.

पहिला हाफ मला तुकड्यांतुकड्यांत आठवतो. तोंडातून निघणारी वाफ. बॉल डोक्याला लागला की कवटीत वाजणारी थंडी. समोरून येणारा माणूस आधी ऐकू येई, मग दिसे. रंजीत माझ्या अंगाला अंग लावून उभा राही आणि कॉर्नर आला की कोपराने बरगडी मोजी. मीही मोजत होतो, मी काही संत नव्हतो. विसाव्या मिनिटाला असाच कॉर्नर आला, रंजीत माझ्यापेक्षा वीतभर वर उठला आणि हेड मारून गोल केला. डॉक्टर जोशी बॉल जाळ्यातून काढताना मला म्हणाले, "नंदू, आज तुझं लक्ष कुठेय?" मी त्यांच्यावर ओरडलो. लक्ष कुठे होतं ते मला ठाऊक होतं.

हाफटाइमला किनू सोलले. बोटं बधिर, रस डोळ्यांत. रेफ्रींनी आवाज दिला तेव्हा मी उठायच्या आत अल्ताफ उठला होता. गाडीतून दोरी काढली, खुंट्या ठोकल्या, टिचकी मारून पाहिली. माझी रेघ बुटाने घासून गवतात मिसळली आणि दीड पाऊल आत, जिथे असायला हवी तिथे, नवी मारली. दहा मिनिटांत. रेफ्री मागे हात बांधून बघत राहिले. "ये हुई ना बात," म्हणाले. बाजू बदलल्या आणि तो बॉक्स आता आमचा झाला.

दुसऱ्या हाफच्या दहाव्या मिनिटाला संग्रामने बरोबरी केली. तो गोल मी मैदानाच्या या टोकावरून पाहिलाच नाही. धुक्यात आधी 'ए भावा' अशी आरोळी ऐकली, मग पिवळ्या जर्सी एकमेकांवर पडताना दिसल्या. अंगात असं काही सळसळलं म्हणून सांगू, वाटलं आता दहा जण आले तरी अडवीन. पन्नाशीच्या माणसाला तसं वाटायला काय लागतं, हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून उपयोग नाही.

पंधरा मिनिटं झाली. पस्तीसचा हाफ. वीस उरली.

मी घड्याळाकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. बाकी बदली खेळाडूंची पाळी होऊन गेली होती. अल्ताफ पोत्यावर बसला होता, हात फक्कीने पांढरे. तो माझ्याकडे बघत नव्हता. उठला असता, मफलर काढला असता, नुसता खाकरला असता तरी मला राग यायची सोय झाली असती.

संग्राम पळत पळत माझ्यापाशी आला. "दादा, टाइम झाला. अल्ताफला घ्या."

"तूच म्हणत होतास ना, नको म्हणून?"

"मी म्हणलो हुतो, त्याला तोंडावर सांगा. तुम्ही न्हाई सांगितलं." त्याने दम घेतला. "आता आलाय त्यो. त्याला खेळवायचा. हरलो तर हरलो."

चोवीस वर्षांचं पोर आणि माझाच नियम मला शिकवत होतं. मी हात वर केला. देशपांडे नावाचे बँकेतले आमचे उजवे बॅक तसेही धापा टाकत होते. ते बाहेर आले, अल्ताफ आत गेला. जाताना त्याने रेघ ओलांडली, तिच्यावर पाय दिला नाही.

ती वीस मिनिटं लांबच लांब होती. फरीदाबादवाल्यांनी दोन मिनिटांत ओळखलं, की पोकळी कुठे आहे. सगळे बॉल उजवीकडे. अल्ताफ चुकला, घसरला, हवेत लाथ मारली, उठला, परत धावला. मी त्याच्यामागे उभा राहून घसा फोडत होतो, "आत ये! बाहेर ढकल! थांब, थांब!" आणि तो ऐकत होता. सांगितलेलं जसंच्या तसं करत होता. माझ्यावर भरवसा ठेवून.

शेवटची तीन-चार मिनिटं असतील. त्यांचा विंगर, मणिपूरचा तो बुटका, पायात वारा भरलेला, अल्ताफला चकवून निघाला. समोर फक्त डॉक्टर. मी डावीकडून आडवा घुसलो, बॉल मिळाला नाही, त्याचा पाय मिळाला. तो कोसळला. शिट्टी.

"पेनल्टी!" फरीदाबादचे अकराही जण ओरडले. माझं तोंड गवतात होतं. डोळे उघडले तर नाकासमोर गवतात मिसळलेली फिकट पांढरी रेघ, माझी, समोशाची. आम्ही दोघं तिच्या आत होतो. आणि दीड पाऊल आत दुसरी रेघ, दोरीने मारलेली, ठळक. आम्ही तिच्या बाहेर होतो.

"पुरानी लाइन के अंदर है, सर!" रंजीत म्हणाला.

"पुरानी लाइन ग़लत थी," रेफ्री म्हणाले. "फ्री किक."

रंजीतने किक घेतली. आम्ही भिंत करून उभे, माझ्या शेजारी अल्ताफ, डोळे गच्च मिटलेले. बॉल आमच्या डोक्यांवरून, बारवरून, कुंपणापलीकडच्या किकरात, आपल्या बाभळीत, जाऊन काट्यांत अडकला. तो काढायला दोघं जण झाडाखाली उड्या मारत असतानाच मॅच संपली. एक-एक. आम्ही टिकलो.

चहा दोन्ही संघांनी मिळून घेतला. रंजीतने अल्ताफला स्वतःच्या हाताने कप दिला. "भाई, खेलना तो तुझे आता नहीं," म्हणाला, "पर लाइन क्या मारता है!" अल्ताफ खूप हसला. त्याला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

सगळे पांगल्यावर तो पोतं डिकीत ठेवायला आला. नेहमीसारखं. दोरी गुंडाळत गुंडाळत म्हणाला, "दादा, येळ बदलली न्हवती."

मी डिकीतलं पोतं उगाच सरळ केलं.

"अचानक बदलली असती तर लाईनी झाल्या नसत्या. म्हंजे तुम्ही सातलाच आलतात." दोरीचं टोक त्याने नीट खोचलं. "नको असलो तर नको म्हणा. मी लाईन मारीन आन् बाजूला बसंन, मला वाईट न्हाई वाटायचं. पण येळ खरी सांगत जा."

"चुकलो, अल्ताफ."

"चुकलात ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण लाईन लई वाकडी होती, दादा."

मॅचनंतर हसणं कसं असतं ते मला माहीत आहे. त्या दिवशीचं हसणं तसलं नव्हतं. मेट्रोकडे जाणारी त्याची पाठ धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत मी डिकी उघडी टाकून उभा होतो.

तो प्रयत्नही त्याचा हुकला. वर्षभरात तो गावी परतला, आणि आता तिकडे सरकारी मोजणीच्या कामावर आहे. शेतांच्या हद्दी मोजतो, बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांना दाखवतो, की तुझं इथवर आणि त्याचं तिथून पुढे. त्याच्याएवढा लायक माणूस त्या खात्याला शोधूनही मिळाला नसता, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी कुणालाही ऐकवतो.

आमचा संघ अजून वरच्या गटात आहे. नियमही आहे, फक्त आता मी तो मिरवत नाही. मी स्वतः हल्ली वीसच मिनिटं खेळतो, आणि ती मला कुणीतरी बाहेर जाऊन देतं, हे मला नीट कळतं. लाईनी मीच मारतो. दोरी लावून. काल सकाळी धुक्यात मागे मागे सरकत होतो, बोटं गारठलेली, आणि समोर रेघ सरळ उमटत होती. उभा राहून पाहिली. चांगली झाली होती.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. हंगाम सुरू झाला की शनिवारी संध्याकाळी मी उदगीरला फोन लावतो. वैशाली हसते. आता त्याच्याकडे चांगला फोन आहे, ग्रुपवर त्याला सगळं कळतं, शिवाय तो काही दिल्लीला खेळायला येणार नाही. तरी मी लावतो. परवाही लावला.

"उद्या मॅच, अल्ताफ."

"किती वाजता?"

"आठला."

पलीकडे बहुतेक तो हसत असावा.

"खरं का, दादा?"

"खरं," मी म्हणालो. "आठलाच."